पोकळीची चाकरी

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो, ही म्हण आपण रिकामटेकड्याला हिणवण्यासाठी वापरतो. पण त्या न्हाव्याच्या हातातल्या तुंबडीचे मर्म कोणी सहसा पाहत नाही. तुंबडीतली हवा विरळ झाली म्हणजे ती कातडीला घट्ट चिकटते. ती ओढते असे आपल्याला वाटते. वस्तुतः बाहेरची हवा दाबत असते. १६५७ साली जर्मनीतील माग्डेबुर्ग येथे ओटो फोन गेरिके याने धातूचे दोन अर्धगोल एकमेकांस लावून आतली हवा पंपाने काढली व दोन्ही बाजूंस आठ आठ घोडे जुंपले. सोळा घोड्यांनाही ते अर्धगोल सहजी विलग करता येईनात!

मोटारीचे पेट्रोल इंजिन हीही एक तुंबडीच आहे. दट्ट्या खाली जाताना हवा मागतो, आणि कार्बुरेटरमधील थ्रॉटलची चकती वाट अडवून बसलेली असते. त्यामुळे तिच्या पलीकडे, मॅनिफोल्डमध्ये, हवा विरळ होते. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंचांइतका असतो; निरोगी इंजिन गाडी उभी असताना त्यातले १८ ते २१ इंच नाहीसे करते. मौज अशी की, इंजिन नुसते फिरत असते तेव्हा हे शोषण जोरदार असते, आणि चढावर पूर्ण जोर लावला की जवळजवळ संपते. म्हणीतल्या न्हाव्याची आठवण व्हावी असाच हा स्वभाव!

ही फुकटची शक्ती वाया का घालवावी, असे कारागिरांना लवकरच वाटू लागले. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत पेट्रोल केवळ उतारानेच इंजिनाकडे येई. टाकीत पेट्रोल थोडे आणि चढ उभा, म्हणजे गाडी उलटी फिरवून मागच्या मागे चढवावी लागे. इतर काही गाड्यांत इंजिनाजवळ एक छोटी टाकी बसवून, शोषणाने मागचे पेट्रोल तीत ओढण्याची युक्ती निघाली. पुढे काच पुसणारे वायपरही याच शोषणावर चालू लागले. भर पावसात चढ लागला की नेमके ते मंदावत! त्यानंतर ठिणगी वेळेआधी पाडण्याचे आणि ब्रेकला जोर देण्याचे कामही पोकळीकडे आले. अशी एकेक नळी वाढत गेली, तरी तोवर संसार आटोपशीर होता.

तो विस्कटला लॉस एंजेलिसच्या आकाशामुळे. त्या शहरावर डोळे झोंबवणारे धुके साचे. गाड्यांच्या व कारखान्यांच्या वाफांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते विष तयार होते, हे आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले. मग कॅलिफोर्नियातील १९६१ सालच्या नव्या गाड्यांत, इंजिनाच्या पोटातील वाफा पुन्हा जाळण्यासाठी झडप आली. १९७० साली अमेरिकेत हवाशुद्धीचा कडक कायदा झाला. टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा धरण्यासाठी कोळशाचा डबा आला. ज्वाला थंडावून नायट्रोजनची ऑक्साइडे कमी व्हावीत म्हणून जळका वायू थोडा परत इंजिनात सोडणारी झडप आली. यांतले काय केव्हा उघडावे हे ठरवणारा संगणक तेव्हा गाडीत नव्हता. तो निर्णयही पोकळीनेच घ्यायचा होता. म्हणून पाणी तापल्यावर वाट मोकळी करणारी झडप, शोषण काही सेकंद रोखून धरणारी झडप, आणि त्यांना जोडणाऱ्या बोटाहून बारीक नळ्या. रबराचे गणितयंत्रच म्हणा ना!

त्या काळातल्या गाडीचे बॉनेट आज उघडावे, तर सुगरणीने घरटे अर्धवट सोडून द्यावे तसा तो गुंता दिसतो. पन्नास वर्षांत रबर कडक होऊन तडकते, फुसफुस ऐकू येते, इंजिन अडखळते. कित्येक मालक वैतागून नळ्या कापतात आणि तोंडांना बुचे मारतात. मला मात्र असा गुंता सोडवताना इतिहासाचाच आधार वाटतो. कोणती नळी कोणत्या गरजेपोटी आली, हे विचारीत जावे. बॉनेटखाली नळ्यांचा नकाशा चिकटवलेला असेल तर तो आधी वाचावा. नसेल तर इंजिन संथ फिरत असताना एकेक बारीक तोंड बोटाने झाकून पाहावे. बोट लगेच ओढले गेले, तर ते तोंड थ्रॉटलच्या पलीकडचे, मॅनिफोल्डच्या घरचे. थ्रॉटल किंचित उघडल्यावरच ओढ लागली, तर ते चकतीच्या काठावरचे. ब्रेकच्या जाड नळीला पहिल्या घरची अखंड ओढ हवी. तिच्यातली एकमार्गी झडप इंजिन बंद पडल्यावरही एकदोन ब्रेकपुरती पोकळी राखून ठेवते. जळका वायू परत सोडणाऱ्या झडपेला मात्र तीच अखंड ओढ दिली, तर उभ्या गाडीचे इंजिन धापा टाकून बंद पडेल. दोन्ही नळ्या रबराच्याच. पण एकीशी माणसाचा जीव बांधलेला आहे, दुसरीशी साऱ्या शहराचा श्वास.

पुढे संगणक आणि इंधन फवारणारी यंत्रणा आली आणि १९८०च्या दशकात हा पसारा ओसरू लागला. ब्रेकची नळी मात्र आजही पुष्कळ पेट्रोल गाड्यांत इमाने चाकरी करते आहे. कोणाच्या घरी जुनी गाडी असेल त्यांनी दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन तिचे बॉनेट जरूर उघडावे. एखादी नळी निरुपयोगी वाटली, तर कात्री लावण्यापूर्वी ती कोणासाठी आली होती एवढे शोधून काढावे. फराळाच्या ताटापेक्षा मुले त्यात अधिक रमतील, असा माझा अंदाज आहे.