वॅलेटा : पुरुषांनी बांधलेलं शहर

माल्टा हे सिसिलीच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रातलं एक लहानसं बेट. त्याची राजधानी वॅलेटा. हे शहर इतकं आटोपशीर आहे, की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पायीच जावं. दोन बाजूंना खोल बंदरं, मध्ये समुद्रात शिरलेली डोंगराची सोंड आणि तिच्यावर मधाच्या रंगाच्या दगडाची घरं. कुठल्याही उतरत्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहा, खाली निळं पाणी दिसणारच.

मैत्रिणींनो, हे शहर हळूहळू वाढलेलं नाही, ते ठरवून उभारलेलं आहे. सेंट जॉनच्या नाइट्सचा संघ 1530 मध्ये माल्ट्याला आला. हे लोक लढवय्ये, आणि ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेले. 1565 मध्ये तुर्की आरमाराने बेटाला वेढा दिला. जवळजवळ चार महिने झुंज चालली. वेढा उठल्यावर संघप्रमुख ला व्हॅलेट याने 28 मार्च 1566 रोजी नव्या शहराचा पहिला दगड बसवला. शहराला नाव त्याचंच मिळालं, पण ते पुरं झालेलं काही त्याने पाहिलं नाही. 1568 मध्येच तो वारला. लापारेल्ली या इटालियन स्थापत्यकाराने रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात आखले, म्हणजे समुद्राचा वारा घरोघरी खेळावा. बेटावर नदी नाही, म्हणून घराखाली पावसाच्या पाण्याचं टाकं हवंच, असा नियम केला. पाण्याची किंमत त्यांना वेढ्याने शिकवली होती.

आज प्रवासी पाहतात ते बहुतेक या नाइट्सचंच वैभव. सेंट जॉनचं कॅथेड्रल बाहेरून अगदी साधं, आत मात्र सोनंच सोनं. जमिनीवर नाइट्सच्या रंगीत संगमरवरी समाध्या, त्यांच्यावरूनच चालायचं. शेजारच्या दालनात काराव्हाज्जोने 1608 मध्ये काढलेलं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं भव्य चित्र आहे. पुढे किनाऱ्याजवळ नाइट्सचं रुग्णालय. त्यातला मोठा वॉर्ड 155 मीटर लांब! रुग्णांना चांदीच्या भांड्यातून जेवण, आणि वाढायला स्वतः नाइट. 1798 मध्ये नेपोलियन आला आणि त्यातली बरीच चांदी वितळवून घेऊन गेला.

हे सगळं ऐकताना मनात येतं, की या शहरात बाया कुठे होत्या? होत्या, पण एवढ्या मोठ्या रुग्णालयातल्या खाटा पुरुषांसाठी होत्या. आजारी, निराधार बाईने जायचं कुठे? याचं उत्तर कातेरिना स्काप्पी या बाईने दिलं. ती मूळची इटलीतल्या सिएनाची. 1625 मध्ये तिने वॅलेटात बायकांसाठी रुग्णालय सुरू केलं. गल्ल्यांमधून फिरताना भिंतीबाहेर आलेले लाकडी बंदिस्त सज्जे दिसतात, हिरवे, लाल, निळे. प्रवासी त्यांचे फोटो काढतात. कातेरिनाचं नाव मात्र फारसं कुणी विचारत नाही.

दुसऱ्या महायुद्धात वॅलेटावर बॉम्बचा पाऊस पडला. 1942 मध्ये ऑपेरा हाऊस जमीनदोस्त झालं, आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या राजाने साऱ्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं. त्या दिवसांत इथल्या इंग्रजी दैनिकाच्या संपादक होत्या मेबल स्ट्रिकलंड. अन्नाची टंचाई आणि डोक्यावर विमानं, तरी पेपर निघत राहिला. 1947 च्या निवडणुकीत माल्ट्याच्या बायकांनी पहिल्यांदा मत दिलं, आणि आगाथा बार्बरा ही शिक्षिका निवडून आली, देशातली पहिली महिला खासदार. पुढे ती शिक्षणमंत्री झाली. 1964 मध्ये देश स्वतंत्र झाला, 1974 मध्ये प्रजासत्ताक. 1980 मध्ये युनेस्कोने वॅलेटाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

शहराच्या मध्यावर संघप्रमुखांचा राजवाडा आहे. दोन शतकांहून जास्त काळ तिथून ब्रह्मचारी पुरुषांनी राज्य केलं. 1982 मध्ये आगाथा बार्बरा राष्ट्राध्यक्ष झाली आणि त्याच राजवाड्यात बसून कारभार पाहू लागली. वॅलेटाला गेलात, तर कॅथेड्रल पाहाच. पण या राजवाड्यासमोर दोन मिनिटं जास्त थांबा.