नाकबुलीला चाप

चिपळूण तालुक्यात सावर्डे म्हटले की कात आठवतो. मुंबई-गोवा महामार्गावरची बाजारपेठ, कोकण रेल्वेचे स्थानक, आणि आसपास खैर उकळणारे कारखाने. खैराचा लाल गाभा तासायचा, तुकडे पाण्यात उकळायचे, रस आटवायचा आणि थंड करून वड्या पाडायच्या, असा हा धंदा. पण खैर स्वतःच्या बांधावर वाढला तरी मनात आले म्हणून तोडता येत नाही. 1964 च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्यातल्या यादीत तो आहे. परवानगी घ्यायची, तोड झाली की लाकडावर वनखात्याचा हातोडा उमटवून घ्यायचा आणि वाहतुकीचा पास काढायचा, तेव्हा कुठे ट्रक हलणार.

हातोड्याचे टोक म्हणजे उलटी अक्षरे कोरलेला शिक्का. घाव बसला की खूण लाकडात उतरते, पुसता येत नाही. मालक, ठेकेदार, ट्रकवाला, कारखानदार यांपैकी उद्या कोणीही ‘हा माल आमचा नव्हेच’ म्हणू लागला, तर ओंडका स्वतःच साक्ष देतो. खोटी खूण उमटवणाऱ्याला 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या 63 व्या कलमाने दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आज इंटरनेटवरच्या व्यापारात ज्या प्रश्नाने तज्ज्ञांना घेरले आहे तो हाच. माल मागवून ‘मी मागवलाच नाही’, पैसे घेऊन ‘मिळालेच नाहीत’, करार करून ‘ती सही माझी नाही’ असे म्हणणाऱ्याला बांधायचे कसे? संगणकाने फक्त हत्यार बदलले. नाकबुली त्याच्या फार आधीची आहे, आणि तिच्यावरचे उपायही.

मराठी मुलखात लिहिता न येणाऱ्यांचीही सही होती. मराठेशाहीतल्या महजरांवर, म्हणजे गोतसभेच्या निवाडापत्रांवर, पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला दिसतो. ‘निशाणी नांगर’ हीच त्याची सही. बलुतेदार आपापल्या हत्याराचे चित्र काढत. नांगर कोणालाही काढता येतो, मग त्यात पुरावा तो कसला, असे आज वाटेल. पण त्या निशाणीचे बळ चित्रात नव्हतेच. महजर चारचौघांसमोर होई, गोतातली माणसे बसलेली असत, कुळकर्णी नावे घाली. नाकबूल व्हायचे तर सगळ्या गावाला खोटे पाडावे लागे.

कागदात मागाहून भर घालण्याची चोरी वेगळी, आणि तिचा बंदोबस्तही वेगळा. शिवाजी महाराजांच्या पत्रांत मुख्य मुद्रा वर आणि मजकूर संपतो तिथे ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा असे. तिच्या खाली कोणी ओळ वाढवली तर ती उघडी पडे. पेशवाईतल्या कागदांच्या शेवटी ‘लेखनसीमा’ येते ती त्याच कामासाठी. सही कोणाची आणि सहीनंतर मजकूर बदलला का, हे दोन निराळे प्रश्न आहेत हे आपल्या चिटणिसांना पक्के ठाऊक होते.

अंगठ्याची कथा मात्र बंगालातली. जुलै 1858 मध्ये हुगळीकाठी जंगीपूरला विल्यम हर्शेल या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या खडीचा करार राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी केला. कोनाईने लिहिलेल्या करारावर हर्शेलने त्याच्या सबंध तळहाताचा ठसा घेतला. तेव्हा शास्त्र वगैरे काही डोक्यात नव्हते. ठेकेदार पुढे सही नाकारील ही भीती होती, आणि त्याला जरा धाक बसावा एवढाच हेतू. नंतर त्याने वर्षानुवर्षे ठसे जमवले आणि 1877 मध्ये हुगळी जिल्ह्यात पेन्शन आणि दस्तनोंदणीसाठी ते वापरात आणले. आज अंगठ्याचे नाव निघाले की गुन्हेगार आणि पोलीस आठवतात, पण त्याचा जन्म खडीच्या ठेक्यात झाला.

हा अंगठा कोकणात घरोघर आला तो पोस्टमनबरोबर. भारतात टपालाची मनीऑर्डर 1880 मध्ये सुरू झाली आणि गिरणगावात राबणाऱ्या चाकरमान्यांच्या पैशावर रत्नागिरी जिल्ह्यातली घरे चालली. हा व्यवहार बघण्यासारखा होता. पाठवणारा परळ-लालबागला, घेणारी शे-दीडशे कोसांवर, मधे डोंगर आणि खाडी. पैसे हातात पडले की ती फॉर्मवर अंगठा उठवी, शेजारचा कोणी साक्षीला सही करी, आणि त्याच फॉर्मचा एक तुकडा पोच म्हणून पुन्हा मुंबईला जाई. पैसे पोचले नाहीत असे घरच्यांना म्हणता येत नसे, आणि दिले असे पोस्टमनला नुसते तोंडी सांगता येत नसे. पाठवल्याचा पुरावा एकाकडे, मिळाल्याचा दुसऱ्याकडे. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 12 वे कलम याच पोचेबद्दल आहे: पोच मिळाल्याशिवाय संदेश बंधनकारक नाही असे पाठवणाऱ्याने आधीच ठरवले असेल आणि पोच आली नाही, तर संदेश पाठवलाच नव्हता असे धरायचे.

इथपर्यंत सगळे गोड वाटते. पण नाकबुलीला चाप लावणारा कागद नेहमी एकाच्याच पेटीत राहिला की काय होते, हे घाटावर दिसले. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि पुढे नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. शेतकऱ्यांनी मागितले काय, तर सावकारांकडचे रोखे आणि दस्त. देईल त्याला बहुतेक जागी हात लावला नाही. हाती आलेले कागद मात्र जाळले. त्या कागदांवरच्या निशाण्या खोट्या होत्या असे नाही. कितीतरी खऱ्याच होत्या. शेतकऱ्याने निशाणी केली होती, पण वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते. फेडलेल्या रकमेची पावती मिळाली नव्हती. आणि कोर्ट दस्तापलीकडे बघत नव्हते. नाकबूल होण्याची वाट पूर्ण बंद झाली ती एकाच बाजूला.

त्यावर सरकारने जे केले ते आजच्या संगणकतज्ज्ञांनीही वाचावे. 1879 चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या 4 जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर व्हायचा, आणि सहीआधी तो त्याला वाचून दाखवायचा. पैसे दिले की लेखी पावती मागण्याचा हक्क, हिशेबाचा उतारा आणि पासबुक मिळण्याचा हक्क. शिवाय न्यायाधीशाने कागदाच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासायचा. सही खरी ठरली म्हणजे प्रकरण संपले, ही समजूत या कायद्याने मोडली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच सर्वांत शहाणा टप्पा.

1976 मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकी संशोधकांनी शाई नसलेल्या सहीची कल्पना मांडली. प्रत्येकाला किल्ल्यांची जोडी: एक गुप्त, एक जाहीर. दस्तऐवजातून गणिताने एक ठरावीक लांबीचा आकडा काढायचा, गुप्त किल्लीने त्यावर क्रिया करायची, आणि जाहीर किल्लीने कोणीही ती पडताळायची. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी आकडा बदलतो. म्हणजे नांगर आणि ‘मर्यादेयं विराजते’ दोन्ही एकाच खुणेत आले. भारतात या सहीला कायद्याची मान्यता 17 ऑक्टोबर 2000 पासून आहे. महाराष्ट्रात 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तेव्हा ती खेड्यापर्यंत पोचली. तलाठ्याच्या शिक्क्याची जागा गुप्त किल्ली साठवणाऱ्या डोंगलने घेतली. वनखात्याचा पासही त्याच वाटेवर आहे. डिसेंबर 2023 मध्ये देशभरासाठी सुरू झालेल्या राष्ट्रीय पास प्रणालीत नाक्यावरचा माणूस क्यूआर कोड तपासतो, कारण कागदी पासाची जुनी खोड अशी की तोच पास दोन फेऱ्यांना चालवता येतो.

गणित पक्के आहे. कच्चे असते ते टेबलाचे ड्रॉवर. अनेक छोट्या व्यावसायिकांची डोंगल कर सल्लागाराच्या कचेरीत पडलेली असते, पिनसुद्धा त्यालाच ठाऊक. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 42 वे कलम सांगते की गुप्त किल्ली सांभाळणे ही धारकाची जबाबदारी, आणि ती फुटली तर विनाविलंब कळवायचे. ड्रॉवरमधल्या डोंगलने झालेली सही मालकाची, मग त्याने दस्त वाचला असो वा नसो. 1875 चा शेतकरी निदान कागदासमोर बसलेला तरी होता.

मोबाइलवरच्या पैशाचे दुखणे तसलेच. यूपीआय 2016 मध्ये आले. खोटा स्क्रीनशॉट दाखवून ‘पैसे पाठवले’ म्हणणारे भेटू लागले आणि दुकानांत रक्कम मोठ्याने सांगणारे डबे बसले. तो डबा म्हणजे एक साक्षीदारच. ग्राहकाच्या खात्यातून त्याच्या नकळत पैसे गेले तर मात्र प्रश्न उलटतो, आणि इथे रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात 1879 ची आठवण यावी असे एक वाक्य आहे: चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर. गडबड ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकाने कामकाजाच्या 3 दिवसांत कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य. 4 ते 7 दिवस लागले तर मर्यादित. ओटीपी किंवा पिन स्वतःच दुसऱ्याला सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे.

म्हणून खात्यातून न केलेला व्यवहार दिसला की शेजारपाजारी चर्चा करत बसू नका. त्याच दिवशी बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. तीच तुमची पोच.