गुणसूत्राबाहेरचे वर्तुळ

माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात, हे 1956 मध्ये जो हिन त्यो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी दाखवले. आनुवंशिकतेचा सारा जमाखर्च या 46 वह्यांत मांडलेला आहे, अशी समजूत त्यातून पक्की झाली. त्यानंतर नवव्या वर्षीच वह्यांबाहेरची एक नोंद सापडली. ती इतकी वर्षे बाजूला का पडली, हा प्रश्न मला शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

1965 मध्ये कॉक्स, युन्कन आणि स्प्रिग्ज यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लहान मुलांच्या घातक गाठींतल्या बारीक ठिपक्यांविषयी लिहिले. ठिपके बहुधा जोडीने दिसत. पुढे त्यांना ‘डबल माइन्यूट’ म्हणजे जोडीचे सूक्ष्मकण म्हणू लागले. त्याच वर्षी होत्ता आणि बॅसल यांनी डुकराच्या शुक्राणूंत वर्तुळाकार डीएनए आढळल्याचे प्रसिद्ध केले.

कणांचा अर्थ उलगडला तो एका औषधामुळे. 1948 मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना अमिनोप्टेरिन दिले. मुले सुधारली, पण सुधारणा टिकली नाही. हे औषध आणि त्याचे भावंड मेथोट्रेक्झेट, दोन्ही लेडर्ले प्रयोगशाळेतली; तिथल्या संशोधनाची धुरा आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. चालणारे औषध काही काळाने निष्प्रभ का होते, हा प्रश्न मात्र मागे उरला.

त्याचे एक उत्तर स्टॅनफर्डच्या रॉबर्ट शिम्की यांच्या गटाने उंदरांच्या पेशींत शोधले. मेथोट्रेक्झेट ज्या विकराला अडवते, त्याच्या जनुकाच्या प्रती औषधाला न जुमानणाऱ्या पेशींत अनेक पटींनी वाढलेल्या होत्या, हे 1978 मध्ये कळले. औषध थांबवल्यावर काही पेशींचा हा प्रतिकार ओसरे. अशा पेशींत जादा प्रती सूक्ष्मकणांवर असतात, हे पुढच्याच वर्षी दिसले.

असे का, ते कणांच्या रचनेत आहे. पेशी दुभंगताना गुणसूत्राला सेंट्रोमिअरपाशी धरून दोन्हीकडे सारखी वाटणी होते. या वर्तुळांना सेंट्रोमिअरच नाही. त्यामुळे एका लेकपेशीच्या वाट्याला पुष्कळ, तर दुसरीच्या वाट्याला थोडीच येतात. एकाच गाठीत अशा नाना तऱ्हेच्या पेशी तयार होतात आणि औषधाच्या माऱ्यात ज्यांना ही वाटणी मानवते त्या तगतात.

एवढे कळूनही विषय मागे पडला. जनुकक्रम वाचण्याची यंत्रे आली आणि डीएनएचे लहान तुकडे करून वाचले जाऊ लागले. एखाद्या जनुकाच्या किती प्रती आहेत हे त्यातून समजे, पण त्या कुठे बसल्या आहेत हे सहज समजत नसे. खानेसुमारीत माणसे मोजावीत आणि घरांचे पत्ते गाळावेत, तसे झाले. जुन्या नोंदींवरून हे कण जेमतेम 1.4 टक्के कर्करोगांत आढळतात असे मानले जाई. पॉल मिशेल, विनीत बाफना आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शक आणि जनुकक्रम यांची सांगड घालून 2017 मध्ये दाखवले की, तपासलेल्या कर्करोगांपैकी जवळजवळ निम्म्यांत ही वर्तुळे होती.

2014 मध्ये मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमात याच गटाला आणखी एक चलाखी दिसली होती. औषध ज्या जनुकाला लक्ष्य करते, त्याची वर्तुळे औषध सुरू असताना कमी होत आणि थांबवल्यावर परत येत. शिम्कींच्या पेशी वर्तुळे साठवून वाचल्या. या पेशी ती टाकून वाचल्या.

ब्रिटनमधील 14,778 रुग्णांच्या गाठींची पाहणी 2024 मध्ये प्रसिद्ध झाली. 17.1 टक्के नमुन्यांत वर्तुळे होती. उपचार झालेल्या गाठींत ती अधिक आढळली आणि ती असलेल्या रुग्णांचे आयुष्य कमी भरले. म्हणून गाठ तपासताना जनुक कोणता, याबरोबर तो राहतो कुठे, हेही विचारावे लागते. सूक्ष्मदर्शकाने 1965 मध्ये तोच पत्ता दाखवला होता.