घाटातला थंडीताप

लोणावळ्यातल्या भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून पाणी फेसाळत उतरतंय, गर्दी भिजतेय. तुम्ही डोळे मिटता आणि उघडता ते १८६१ सालच्या बोरघाटात. भुशीचं धरण अजून नाही. रेल्वे ते पुढे वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधणार आहे. आत्ता रेल्वेमार्गासाठी चाळीस हजारांहून जास्त माणसं डोंगर फोडताहेत, आणि त्यांतले तुम्ही एक. पटकी आणि ताप रोज कुणाला तरी उचलून नेतात.

दुपारी तुम्हाला हुडहुडी भरते. दोन घोंगड्या पुरत नाहीत. मग अंग तव्यासारखं तापतं, मग घामाचे लोट. उद्या बरं वाटेल, परवा पुन्हा तेच. सगळे म्हणतात, घाटाची हवा वाईट. डासाकडे कोण बघतो? रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसायला अजून ३६ वर्षं आहेत. हात चालेनासे झाले की तुम्ही गावची वाट धरता. जंतू रक्तातून तुमच्यासोबत निघतो, आणि तुमच्या गावच्या डासांना आयता मिळतो.

पुढे या. १९५३ नंतरचं मावळातलं घर. भांडी, धान्य, अंथरुणं अंगणात काढलीत, फवारणीवाले भिंतींवर डीडीटी मारताहेत. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई. १९६५ पर्यंत आकडा लाखाच्या आसपास आला. तिथंच सैल पडलो. डासांना डीडीटी पचू लागलं, पैसा आणि लक्ष दोन्ही आटलं. १९७६ मध्ये ६४ लाख रुग्ण. विसरू नये असं हे वर्ष आहे.

आणखी पुढे, २०२४. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांसोबतची आर२१ ही हिवतापाची लस तयार होतेय, आणि जुलैमध्ये आयव्हरी कोस्टची बाळं ती टोचून घेताहेत. आपल्या पुणे जिल्ह्यातून ही लस तिकडे जाते, याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण लोणावळ्यात तुम्ही एका इमारतीच्या कामावर आहात, गडचिरोलीपलीकडच्या छत्तीसगडातल्या गावातून आलेले. टाकीतल्या साचलेल्या पाण्यावर डास वाढलेत. आशाताई बोटाला टोचते, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडते. वीसेक मिनिटांत दुसरी रेघ उमटते: व्हायवॅक्स हिवताप. तीन दिवस क्लोरोक्विन, चौदा दिवस प्रायमाक्विन. प्रायमाक्विन अर्धवट सोडलं, तर यकृतात दडलेला जंतू काही महिन्यांनी पुन्हा उठतो.

पाचव्या दिवशी काम संपतं, मुकादम हिशेब देतो, तुम्ही गावच्या गाडीत बसता. उरलेल्या नऊ दिवसांच्या गोळ्या तुमच्या पिशवीत हव्यात, आणि तुमचं नाव तुमच्याआधी तिथल्या मितानिनकडे, म्हणजे छत्तीसगडच्या आशाताईकडे, पोचायला हवं. भारतानं २०३० पर्यंत हिवताप संपवायचं ठरवलंय. पट्टी आणि औषध हाताशी आहेत. दोन राज्यांच्या आरोग्य खात्यांनी तुमच्यासाठी एकमेकांना एक फोन करायचा आहे.