छेडछाड, विनयभंग, बलात्कार : कायद्यातल्या पायऱ्या कशा ठरतात आणि कुठे चुकतात?

बातमीत ‘छेडछाड’ हा शब्द आला की नेमकं काय घडलं ते वाचणाऱ्याला कळत नाही. शिट्टी मारणं, रोज पाठलाग करणं, अंगाला हात लावणं, कपडे ओढणं, सगळं त्या एका शब्दात कोंबलं जातं. कायद्यात मात्र ही चार वेगळी कृत्यं आहेत, त्यांना चार वेगळी कलमं आहेत आणि शिक्षाही वेगवेगळी आहे.

अशा पायऱ्या असाव्यात का, यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, अत्याचार तो अत्याचार, त्यात लहान-मोठं कसलं? दुसरं म्हणतं, सगळ्याला एकच शिक्षा ठेवली तर न्यायालय दोषी ठरवायलाच कचरेल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. खरा प्रश्न पुढचा आहे : पायरी ठरवायची कशावरून?

आजचा कायदा काय सांगतो?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. हा केंद्राचा कायदा आहे. त्यामुळे बेळगाव, पणजी, इंदूर, वडोदरा, हैदराबाद, कुठेही राहत असलात तरी कलमं तीच. ढोबळ मांडणी अशी :

- कलम ७९ : स्त्रीचा अपमान व्हावा म्हणून शब्द, आवाज, हावभाव. ३ वर्षांपर्यंत कैद.
- कलम ७८ : पाठलाग, ऑनलाइन पाळतसुद्धा. पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास ५ वर्षांपर्यंत.
- कलम ७७ : खासगी क्षणी चोरून पाहणं, चित्रण करणं किंवा ते पसरवणं. पहिल्यांदा १ ते ३ वर्षं, पुन्हा केल्यास ३ ते ७.
- कलम ७५ : लैंगिक छळ. अश्लील शेरेबाजीला १ वर्षापर्यंत, नकोसा स्पर्श किंवा लैंगिक मागणी यांना ३ वर्षांपर्यंत.
- कलम ७४ : विनयभंगाच्या हेतूनं हल्ला किंवा बळजबरी. १ ते ५ वर्षं.
- कलम ७६ : कपडे उतरवण्यासाठी हल्ला. ३ ते ७ वर्षं.
- कलम ६३ आणि ६४ : बलात्कार. किमान १० वर्षं, कमाल जन्मठेप.
- कलम ६५ : पीडिता १६ वर्षांखालील असेल तर किमान २० वर्षं. १२ वर्षांखालील असेल तर फाशीपर्यंत.
- कलम ७० : सामूहिक बलात्कार. किमान २० वर्षं. पीडिता १८ वर्षांखालील असेल तर जन्मठेप किंवा फाशी.

मुलांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. त्यातही पायऱ्या आहेत : लैंगिक छळ, लैंगिक हल्ला, प्रवेशी लैंगिक हल्ला आणि नंतरच्या दोन्हींचे गंभीर प्रकार. पोलीस, शिक्षक, नातेवाईक, रुग्णालयातला कर्मचारी असा विश्वासातला माणूस आरोपी असेल तर गुन्हा वरच्या पायरीवर जातो. गोव्यानं ही वाट आधीच धरली होती. गोवा बाल कायदा, २००३ मध्ये लैंगिक हल्ला, गंभीर लैंगिक हल्ला आणि रक्ताच्या नात्यातला अत्याचार यांच्या वेगळ्या व्याख्या आहेत. म्हणजे पोक्सोच्या नऊ वर्षं आधी.

या पायऱ्या आल्या कुठून?

१९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून संमती होती असं धरलं गेलं आणि दोन्ही पोलीस सुटले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतला बलात्कार ही वेगळी, अधिक गंभीर पायरी झाली. अशा खटल्यात संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि संमती नव्हती असं स्त्रीनं सांगितलं, तर न्यायालयानं तसंच गृहीत धरायचं, अशी तरतूद आली.

दुसरा मोठा बदल २०१३ चा. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्या. जे. एस. वर्मा, न्या. लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीनं अहवाल दिला. तोवर बलात्काराची व्याख्या एकाच प्रकारच्या संभोगापुरती होती. बोटं किंवा वस्तू वापरून केलेला अत्याचार कितीही भयंकर असला तरी तो ‘विनयभंगा’त जायचा. २०१३ मध्ये ही व्याख्या रुंदावली. पाठलाग, चोरून पाहणं, कपडे उतरवणं यांना स्वतंत्र कलमं मिळाली. नुसता प्रतिकार केला नाही म्हणजे संमती दिली असं होत नाही, हेही कायद्यात लिहिलं गेलं.

त्याच वेळी आणखी एक वाद झाला. फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात ‘बलात्कार’ हा शब्द काढून ‘लैंगिक हल्ला’ असा सरसकट शब्द घातला होता. महिला संघटनांनी विरोध केला. त्या शब्दाचं वजन जाईल, असं त्यांचं म्हणणं होतं. नंतरच्या कायद्यात ‘बलात्कार’ परत आला. कॅनडानं १९८३ मध्ये उलटा निर्णय घेतला होता. तिथं बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा काढून लैंगिक हल्ल्याच्या तीन पायऱ्या केल्या आणि त्या शस्त्र, धमकी, इजा यांवरून ठरवल्या.

पायरी चुकते कुठे?

जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं एका बालिकेच्या प्रकरणात निकाल दिला. कपड्यांवरून स्पर्श झाला, त्वचेचा त्वचेशी संपर्क नाही, म्हणून पोक्सोखालचा ‘लैंगिक हल्ला’ होत नाही, असं न्यायालय म्हणालं. ३ वर्षांची शिक्षा १ वर्षावर आली. सर्वोच्च न्यायालयानं १८ नोव्हेंबर २०२१ ला हा निकाल रद्द केला. महत्त्वाचा असतो तो लैंगिक हेतू, कापड मध्ये होतं की नाही हे नव्हे, असं स्पष्ट केलं.

मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं, मुलीच्या छातीला हात घालणं आणि पायजम्याची नाडी तोडणं हा बलात्काराचा प्रयत्न नव्हे, असं म्हटलं. त्या आदेशालाही सर्वोच्च न्यायालयानं २६ मार्चला स्थगिती दिली.

दोन्हीकडे कलमं होती, पायऱ्याही होत्या. चूक झाली ती मोजपट्टीत. मुलीचं काय झालं आणि त्या माणसाला काय करायचं होतं, हे सोडून कापड आणि नाडी मोजली गेली. पायरी असणं वाईट नाही. गुन्हा खाली उतरवायला तिची शिडी झाली की ती वाईट.

दुसरी चूक कायद्यातच आहे. काही पायऱ्या कृत्यावरून नव्हे, तर पीडित कोण आहे यावरून ठरतात. पत्नी १८ वर्षांवरची असेल तर पतीनं केलेली बळजबरी बलात्कार ठरत नाही. वेगळी राहत असेल तर ठरते, पण शिक्षा २ ते ७ वर्षंच. वर्मा समितीनं ही सूट काढायला सांगितलं होतं, ते झालं नाही. कर्नाटक उच्च न्यायालयानं मार्च २०२२ मध्ये एका पतीवर बलात्काराचा खटला चालू द्यावा असं म्हटलं, त्याला सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी जुलैत स्थगिती दिली. तृतीयपंथी व्यक्तीवरच्या लैंगिक अत्याचाराला २०१९ च्या कायद्यानं कमाल शिक्षा २ वर्षं. आणि जुनं कलम ३७७ गेल्यामुळे प्रौढ पुरुषावरच्या बलात्काराला नव्या संहितेत वेगळं कलमच उरलेलं नाही. यातली वेदना कमी आहे असं कोण म्हणेल?

म्हणून पायऱ्या हव्यातच. पण त्या ठरवताना संमती, बळजबरी, इजा, वय आणि विश्वासघात पाहायला हवा. लग्न झालंय का, लिंग कोणतं, कापड होतं का, हे निकष होऊ शकत नाहीत.

तक्रार देताना हे लक्षात ठेवा

कोणतं कलम लागणार हे बरंचसं पहिल्या जबाबातल्या शब्दांवर ठरतं. आपल्यापैकी अनेकांचा जबाब कन्नड, हिंदी, गुजराती किंवा तेलुगूत लिहिला जातो. ‘अतिप्रसंग केला’, ‘त्रास दिला’ असं मोघम सांगितलं की भाषांतरात ते आणखी सौम्य होतं.

- काय केलं, कुठे हात लावला, काय बोलला, किती वेळा, हे लाजेचं वाटलं तरी नेमकं सांगा. लाज त्याची आहे, सांगणारीची नाही.
- लिहिलेलं वाचून आणि समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. एफआयआरची प्रत मोफत मिळते.
- घटना दुसऱ्या राज्यात घडली असली तरी जवळच्या ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येते.
- पीडित स्त्रीची तक्रार महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते.
- मुलाला भाषा कळत नसेल तर पोक्सोच्या कलम १९ नुसार दुभाषी द्यावाच लागतो.
- बलात्कार किंवा विनयभंगाची तक्रार नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसाला कलम १९९ खाली ६ महिने ते २ वर्षं कैद होऊ शकते. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, नंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.
- सरकारी असो वा खासगी, रुग्णालयानं बलात्कार पीडितेवर लगेच आणि मोफत प्रथमोपचार व उपचार करायचे असतात.

तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.