हाताला खाज, पण पुरळ नाही? एकदा मान तपासून घ्या

छत्रपती संभाजीनगर : कोपराच्या वर-खाली, हाताच्या बाहेरच्या बाजूला सारखी खाज सुटते. खाजवून खाजवून साल निघते, रात्री झोप लागत नाही. पण पुरळ नाही, चट्टा नाही, घरात दुसऱ्या कुणाला खाज नाही. मेडिकलवरून दोन-तीन ट्यूब आणून झाल्या, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झाल्या, साबण बदलला, तरी फरक नाही. अशी खाज महिनोन् महिने चालू असेल, तर तिचं मूळ कातडीत नसून मानेतल्या नसेत असू शकतं.

डॉक्टर या त्रासाला ‘ब्रेकिओरेडियल प्रुरायटस’ म्हणतात. हा संसर्गाचा आजार नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. चाळिशी-पन्नाशीनंतर, त्यातही महिलांमध्ये तो जास्त आढळतो.

मानेचा आणि हाताचा संबंध काय?

मानेत ७ मणके असतात आणि तिथून नसांच्या ८ जोड्या बाहेर पडतात. त्यातल्या पाचव्या आणि सहाव्या नसा दंडाच्या बाहेरच्या बाजूपासून अंगठ्यापर्यंतच्या कातडीची जाणीव मेंदूपर्यंत पोचवतात. वय वाढलं की मणक्यांमधली गादी झिजते, कडेला हाड वाढतं आणि नस बाहेर पडायची जागा अरुंद होते. नस दबली की कुणाचा हात दुखतो, कुणाला मुंग्या येतात, तर काहींना नुसती खाज सुटते. केबल मध्येच चेपली तर विहिरीवरची मोटर खोलून उपयोग होत नाही, तसंच हे आहे. विशेष म्हणजे अशा अनेक रुग्णांची मान दुखतही नाही. म्हणून मानेकडे लक्ष जात नाही.

दुसरं कारण ऊन. अमेरिकेतल्या फ्लोरिडा या कडक उन्हाच्या राज्यात १९६८ मध्ये या आजाराची पहिली नोंद झाली, तेव्हा तो उन्हामुळेच होतो असं मानलं गेलं. पुढे मानेचा संबंध लक्षात आला. आता अनेक डॉक्टरांच्या मते मानेतली नस आधीच नाजूक झालेली असते आणि ऊन त्यात भर घालतं. वर्षानुवर्षे उघड्या हातांनी शेतात राबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

ओळखायचं कसं?

– खाज कोपराजवळ, हाताच्या बाहेरच्या बाजूला असते. एका किंवा दोन्ही हातांना असते, कधी खांद्यापर्यंत जाते.
– खाजेसोबत आग होते, टोचल्यासारखं किंवा मुंग्या आल्यासारखं वाटतं.
– आधी कातडी साफ दिसते. ओरखडे, काळे डाग, जाड झालेली कातडी हे सगळं नंतर, खाजवल्यामुळे येतं.
– उन्हात काम झालं की त्रास वाढतो.
– बर्फ लावला की खाज थांबते, काढला की थोड्या वेळात परत सुरू होते. ही या आजाराची मोठी खूण आहे. बर्फ कपड्यात गुंडाळूनच लावावा.

प्रत्येक खाज मानेची नसते

रात्री वाढणारी, बोटांच्या बेचक्यात असलेली आणि घरात दोघा-तिघांना झालेली खाज बहुतेक वेळा खरजेची असते. गोल, कडेला लाल चट्टा असेल तर गजकर्ण. गाजर गवत उपटल्यावर हात, मान, चेहरा लाल होऊन पुरळ आलं तर ती गवताची अ‍ॅलर्जी. सगळ्या अंगाला खाज असेल तर साखर, किडनी, लिव्हर आणि थायरॉईडच्या तपासण्या लागू शकतात.

मनाने ट्यूब लावू नका

मेडिकलवर मिळणाऱ्या अनेक मलमांत स्टिरॉइड असतं. नसेच्या खाजेवर त्याचा सहसा उपयोग होत नाही. उलट महिनोन् महिने लावल्याने कातडी पातळ होते, आणि गजकर्ण असेल तर ते पसरतं. यात पैसे जातात आणि खरं दुखणं तसंच राहतं.

उपचार काय?

डॉक्टर आधी हातातली ताकद, संवेदना आणि मानेची हालचाल तपासतात. गरज वाटली तर एक्स-रे किंवा एमआरआय सांगतात. पन्नाशीनंतर मानेच्या एक्स-रेत झीज बहुतेकांना दिसते, त्रास नसलेल्यांनाही. त्यामुळे नुसत्या एक्स-रेवर निदान होत नाही, लक्षणं जुळावी लागतात.

नसेची खाज कमी करण्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबलिनसारख्या गोळ्या दिल्या जातात. त्यांनी गुंगी येते, म्हणून गोळी घेऊन मोटारसायकल चालवू नये, रात्री विहिरीवर जाऊ नये. गोळ्या मनाने सुरूही करू नयेत आणि एकदम बंदही करू नयेत. मिरचीतल्या तिखट घटकापासून बनवलेलं कॅप्सेसिन मलमही वापरतात. पण म्हणून घरची मिरची हाताला चोळू नये, कातडी भाजते. फिजिओथेरपीच्या व्यायामांनीही काहींना आराम पडतो.

घरी काय करता येईल?

– शेतात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घालावा. कापूस वेचताना बायका साडीवर शर्ट घालतात, ती सवय चांगलीच आहे.
– सरपण, वैरण, पाण्याचे हंडे डोक्यावरून नेणं शक्य तितकं कमी करावं.
– मोबाईल मांडीवर ठेवून मान खाली घालून तासन् तास बघू नये.
– उशी फार उंच घेऊ नये.
– केस कापताना मान कडकन मोडून घेऊ नये.
– नखं कापलेली ठेवावीत, हाताला खोबरेल तेल लावावं.

लगेच डॉक्टरकडे कधी?

हातातली ताकद कमी झाली, वस्तू निसटू लागल्या, शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर थांबू नये. मज्जारज्जूवर दाब आल्याची ही लक्षणं असू शकतात.

एरवी सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून करावी. गरज पडल्यास छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात, म्हणजे घाटीत, त्वचारोग आणि अस्थिरोग असे दोन्ही विभाग आहेत. जाताना आधी वापरलेल्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. खाज नेमकी कुठे आहे, उन्हात वाढते का, बर्फाने थांबते का आणि मानेला कधी मार लागला होता का, हे डॉक्टरांना न विसरता सांगावं. निम्मं निदान त्यातच होतं.