दळण गेले, केर राहिला

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी घरात आणून तिला हळदकुंकू वाहण्याची चाल महाराष्ट्रात आजही पाळली जाते. केरसुणी म्हणजे लक्ष्मी. तिला पाय लावायचा नाही, दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, काढलाच तर तो बाहेर टाकायचा नाही. पण शिंद्या आणून, पाती वाळवून ही केरसुणी वळणारे हात परंपरेने मांग जातीचे होते, आणि त्या हातांना घराचा उंबरठा बंद होता. वस्तू देव्हाऱ्यापाशी आणि ती करणारा वेशीबाहेर. त्या केरसुणीने रोज घर झाडणारीही पूजेची मानकरी नव्हती. घराच्या स्वच्छतेबद्दल मराठीत बोलले जाते ते बहुधा सडा, सारवण, रांगोळी, तुळशीवृंदावन अशा प्रसन्न शब्दांत. या शब्दांमागच्या श्रमाकडे पाहिले की वेगळाच इतिहास दिसू लागतो. घरातली जी कामे घराबाहेर जाऊ शकली तीच हलकी झाली. जी बाहेर जाऊ शकत नव्हती त्यांच्यासाठी प्रत्येक काळाने एक कमी मानाचे माणूस घरात आणले. तसे माणूस मिळाले नाही तिथे घरच्या सुनेलाच ती जागा दिली.

या इतिहासाचा एक जुना आणि बोलका पुरावा संत जनाबाईंचा आहे. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिलेल्या जनाबाईंच्या नावावरील अभंगांत दळण आहे, कांडण आहे, पाणी भरणे, गोवऱ्या वेचणे, धुणे आणि केर काढणे आहे. चौदाव्या शतकातल्या कुटुंबाच्या दिवसभराच्या कामांची यादीच तिथे मिळते. या अभंगांत विठ्ठल जनीबरोबर जात्याला हात लावतो, तिने काढलेला केर भरतो. भक्तीच्या अंगाने याचा अर्थ पुष्कळांनी सांगितला आहे. पण इतिहासाचा वाचक आणखी एक प्रश्न विचारील: मदतीला देवच का यावा लागला? त्या भरल्या घरातले दुसरे कोणी दासीचा केर भरेल, ही कल्पनासुद्धा करण्याजोगी नव्हती. यावर असा आक्षेप येईल की अभंग म्हणजे काही हिशेबाची वही नव्हे, रूपकातून समाजस्थिती काढू नये. आक्षेप रास्त आहे. परंतु रूपक उभे राहते ते ऐकणाऱ्याला ठाऊक असलेल्या जगावर. केर भरणे हे सर्वांत खालचे काम आहे हे श्रोत्यांना सांगावे लागत नव्हते, म्हणूनच देवाने ते करण्यात चमत्कार होता.

पेशवाईपर्यंत आल्यावर रूपकाचा आधार घ्यायची गरज उरत नाही. त्या काळच्या दफ्तरांत कुणबिणी आणि बटकींचे, म्हणजे गुलाम बायकांचे, उल्लेख विपुल आहेत. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या बक्षीस दिल्या जात, आणि व्यभिचाराचा आरोप आलेल्या बाईला सरकार कुणबीण करून कामाला लावी. सरदारांच्या आणि सुखवस्तू ब्राह्मणांच्या वाड्यांतले पाणी, दळणकांडण, शेणगोठा, सडासारवण त्यांच्याकडे असे. कुणबीण अस्पृश्य जातीतली असून चालत नसे, कारण तिला घरात वावरायचे होते. आणि ती घरातल्या बाईच्या बरोबरीची असूनही चालत नसे, कारण तिला ती कामे करायची होती. आत घेता येईल पण बरोबरीला बसवता येणार नाही, अशा माणसाची गरज स्वच्छतेच्या कामानेच निर्माण केली. १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीला इंग्रजी मुलखात कायद्याचा आधार उरला नाही. काम मात्र होते तिथेच होते.

त्यात सोवळ्याओवळ्याची भर पडे. स्वच्छता आणि शुद्धता या दोन गोष्टी एक नव्हेत, हे लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना लख्ख कळते. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या वेडाने पछाडले होते. सोवळ्यापायी चाललेल्या धुण्याचा घाणीशी संबंध नव्हता, विटाळाच्या भीतीशी होता. आणि ती भीती एका पुरुषाची असली तरी तिचे पाणी उपसायला घरातल्या बायका होत्या. हे टोकाचे उदाहरण आहे हे खरे. पण टोकाची उदाहरणे नेहमीच्या रीतीची दिशा दाखवतात. पारोशाने स्वयंपाकघरात न जाणे, ओवळ्याचा स्पर्श झाला की पुन्हा स्नान, सोवळ्याचे पाणी वेगळे भरणे, खरकट्याची जागा वेगळी, हे सारे नियम पाळणारे अनेक होते. त्यांसाठी लागणारे जादा पाणी विहिरीवरून आणणारी मात्र बहुधा एकच असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटू लागले, आणि ‘कामे बाहेर गेली तेव्हाच हलकी झाली’ हे म्हणणे इथे पडताळून पाहता येते. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मुंबईत आले. जिथे नळ पोचला तिथली घागर खांद्यावरून उतरली. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या झाल्या आणि पहाटेचे जाते थांबले. त्याबरोबर ओव्याही थांबल्या याची हळहळ साहित्यात पुष्कळ आहे, पण जाते परत मागणारी बाई विरळाच. तांब्या-पितळेची भांडी राख-चिंचेने घासायची आणि कळकू नये म्हणून कथील-नवसागराची कल्हई करून घ्यायची, हा व्याप स्टेनलेस स्टीलने संपवला. या तिन्ही ठिकाणी कष्टाचा मोठा वाटा घराबाहेर गेला: नगरपालिकेकडे, गिरणीवाल्याकडे, कारखान्याकडे. केर बाहेर पाठवता येत नाही. तो घरातच पडतो आणि घरातच काढावा लागतो.

उलट जमिनीच्या बाबतीत सुधारणेने काम वाढवले. मुरूम-मातीची जमीन चोपून, शेणाने सारवून राखली जाई. त्या सारवणाचे गुणगान आजकाल पुन्हा ऐकू येते: ते थंड, निरोगी, निसर्गाशी जुळते. सारवण धूळ बसवते आणि पायांना गार लागते, हे मान्य. पण पोपडे निघणारी, उंदरांनी पोखरलेली जमीन वाकून, हाताने, पुन्हापुन्हा सारवणारीला हा निसर्ग कमरेत जाणवे. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. प्लेग अधिकारी रँडच्या गोऱ्या सोजिरांनी पुण्यात घरे तपासली, जंतुनाशके ओतली, भिंतींना चुना फासला. त्या जुलमाचा संताप सर्वश्रुत आहे. त्या काळापासून घराची जमीन आणि रोगराई यांचे नाते सुशिक्षितांच्या मनात पक्के होत गेले. रेल्वेने शहाबादी फरशी दूरदूर पोचवली, विसाव्या शतकात सिमेंटच्या लाद्या आल्या. फरशी धुता येते, पुसता येते. आणि जे पुसता येते ते रोज पुसायचे ठरते. सारवण सणावारी किंवा आठवड्याने होई. फरशी रोज सकाळी ओली झाली पाहिजे, हा दंडक फरशीबरोबरच आला.

यावर कोणी म्हणेल की साधने वाढली, साबणाची पावडर आली, धुण्याचे यंत्र आले, तेव्हा एकूण बेरीज तरी कमीच झाली असेल. काही घरांत झालीही. पण धुण्याचीच गोष्ट पाहा. गावगाड्यात बलुतेदार परीट अनेक घरांचे धुणे नेत असे, शहरात धोबी येई. स्वस्त पावडर आणि यंत्र आल्यावर बाहेर गेलेले हे काम पुन्हा घरात आले, आणि कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि मुळात अशा कामाला हात लावणारे पुरुष होते शंभरात २६. यात स्वयंपाकही धरला आहे, तरीही नळ, गिरणी, गॅस आणि यंत्र यांच्या नंतरचा हा आकडा आहे.

पुरुषाच्या हाती खराटा आला नाही असे नाही. गाडगेबाबांनी तो आयुष्यभर गावोगाव चालवला, सेनापती बापटांनी पारनेरच्या रस्त्यांवर चालवला, आणि दोघांनाही महाराष्ट्राने आदराने डोक्यावर घेतले. २००० साली राज्याने ग्रामस्वच्छतेचे अभियान काढले तेही गाडगेबाबांच्या नावाने. पण सार्वजनिक रस्त्यावरच्या खराट्याला मिळालेली प्रतिष्ठा घरातल्या केरसुणीपर्यंत पोचली नाही. रस्ता झाडणे हे व्रत ठरले, माजघर झाडणे हे बाईचे काम राहिले.

ज्या घरांना परवडले त्यांनी जुनाच मार्ग नव्या नावाने धरला. कुणबिणीच्या जागी मोलकरीण आली. हा फरक लहान नाही: ती विकली जात नाही, काम सोडू शकते, मोल ठरवून घेते. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि हक्काची सुट्टी मागणाऱ्या त्या बायका फार साधी गोष्ट सांगत होत्या: धुणी, भांडी, केर-फरशी हे काम आहे आणि ते करणारी कामगार आहे. हे कायद्याच्या भाषेत उतरायला महाराष्ट्रात २००८ साल उजाडले. त्या वर्षी घरकामगार कल्याण मंडळाचा अधिनियम झाला. जनाबाईंचा केर भरायला विठ्ठल आला त्याला तेव्हा सहाशेहून अधिक वर्षे लोटली होती. केरसुणीची पूजा मात्र या सहाशे वर्षांत कधी चुकली नाही.